इल्दूसने सोडलेला प्रवाह

कझान, फेब्रुवारी. व्होल्गा गोठलेली,
बर्फाला भोकं पाडून माणसं मासे धरत बसलीत.
इथे तळघरात आम्ही चौघं
आणि एक चुंबक, ज्याला आज उतरवायचंय.

उतरवायचं म्हणजे उचलायचं नाही.
त्याच्या पोटात एक तार आहे, कित्येक कोस लांब,
द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवलेली,
शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर.
एकोणीस वर्षांपूर्वी इल्दूस साबिर्झानोव्हने
तिच्यात प्रवाह सोडला,
वेटोळ्याचं टोक वेटोळ्यालाच जोडलं,
बाहेरची केबल उपसून खांद्यावर टाकली
आणि चहा प्यायला गेला.
तेव्हापासून तो फिरतोय.
कुणी ढकलत नाही. त्याचं बिल येत नाही.
इल्दूस गेला त्या दिवशीही फिरत होता.
दफनाहून आलो, बुटांची माती झटकली,
आकडा पाहिला:
तसूभर हलला नव्हता.

शेजारच्या खोलीतलं लोखंडी धूड वेगळं.
त्याला घटकेघटकेला वीज लागते, नळाचं पाणी लागतं,
घुं घुं करतं, उन्हाळ्यात रुसून बंद पडतं.
त्याच्याच जबड्यात मी पहिल्यांदा
माणकाचा एक खडा धरला
आणि लेखणी कागदावर शहारली.
त्याचा मला लळा आहे.
पण ह्याच्याजवळ आपोआप हळू बोललं जातं.

जमिनीवर लाल रेषा. आत घड्याळ नाही,
किल्ल्या नाहीत, बँकेचं कार्ड नाही.
लाकडी स्टुलाच्या पायाला दोरा, इल्दूसनेच बांधलेला,
टोकाला कागदाची साधी क्लिप.
ती खाली पडत नाही. हवेत तिरपी उभी,
दावं तोडू पाहणाऱ्या वासरासारखी
चुंबकाकडे तोंड करून.
नव्या मुलांना तो आधी हेच दाखवायचा,
समीकरणं नंतर.

हेलियम मिळेना झालं. पुरवठादाराचं पत्र दोन ओळींचं.
शेवटची टाकी मंगळवारी रिकामी होईल;
त्याआधी आपण होऊन काढून घ्यावा प्रवाह,
नाहीतर तो एकदम उकळेल, किंचाळेल,
सारं हेलियम छताला भिडवून मोकळा होईल.

मग राफ्कातने जुनी केबल पुन्हा गळ्यातून आत सोडली.
त्या प्रवाहाइतकाच प्रवाह बाहेरून आणून
दारात उभा केला,
आतली कडी गरम केली, ती सुटली,
आणि एकोणीस वर्षांचं फिरणं
भिंतीवरच्या विजेला येऊन मिळालं.
आता हळूहळू. घाई केली तर चिडेल.
दर दहा मिनिटांनी मी वहीत आकडा लिहिते.
माझं अक्षर आज बरं येत नाही.

साडेतीनला नाकिया-अपा दारात येऊन उभी राहिली.
ती काच फुंकते. आमच्या सगळ्या नळ्या तिच्या,
पेन्सिलीहून बारीक, भिंत इतकी एकसारखी
की गरगर फिरवली तरी थरथरू नये.
तिच्या मांडीत पोलादी सळई,
नवव्या वर्षी ट्राममधून पडली तेव्हाची.
म्हणून ह्या खोलीत ती कधीच आली नाही;
नळ्या कापसात गुंडाळून रेषेबाहेरून द्यायची,
इल्दूस हात लांब करून घ्यायचा.
असे किती हजार वेळा, कुणी मोजलं नाही.

पाच वाजता क्लिप जराशी डगमगली.
राफ्कात म्हणाला, बघा.
दोरा सैल पडला, पोट आलं त्याला,
आणि क्लिप फरशीवर टेकली.
आवाज झाला नाही. झाला असेल तर
पंपाच्या खडखडीत ऐकू आला नाही.

आकडा शून्य. मी दोनदा तपासला.
नाकिया-अपाने चप्पल काढली, कुणी सांगितलं नव्हतं,
रेषा ओलांडली, लंगडत टाकीपाशी आली,
तिच्या गार पत्र्यावर तळवा ठेवला.
वरच्या नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन
आत पाहिलं, जिथे तिची काच उतरायची.

"एवढंसं भोक?" ती म्हणाली.
"मला वाटायचं, केवढं असेल."

कुणी काही बोललं नाही.
राफ्कातने खिशातून घड्याळ काढून मनगटावर बांधलं,
मग पुन्हा सोडलं.
नाकिया-अपा वाकली, क्लिप उचलली,
दोऱ्याची गाठ नखाने सुटते का पाहू लागली.
गाठ घट्ट होती.